आधार कार्ड घेऊन गुगलच्या ऑफिसात जाऊ का?

पत्र:

सर, नमस्कार. मी कराडजवळच्या एका गावात राहते, वय ५८. घरी मेतकूट, भाजणी, चटण्या आणि दिवाळीचा फराळ करून विकते. माझं जीमेल २०१३ साली भाच्यानं त्याच्या लॅपटॉपवर काढून दिलं. पुढं ते फोनमध्ये आपोआप चालूच असायचं, त्यामुळं पासवर्ड कधी टाकावाच लागला नाही. शिमग्याच्या वेळी फोन हातातून पडला आणि स्क्रीन काळी झाली. नवा फोन घेतला, आमच्याकडं रेंज येत नाही म्हणून सिमही दुसऱ्या कंपनीचं घेतलं. जुन्या नंबरवर रिचार्ज केला नाही, तो आता लागत नाही. पासवर्ड तर नाहीच, पण जीमेलचा पत्ताही नक्की आठवत नाही, माझं नाव आणि पुढं काहीतरी आकडे होते. गिऱ्हाइकांचे नंबर, मुलीच्या लग्नाचे फोटो, सगळं त्यात अडकलंय. पुण्या-मुंबईची चार-पाच मंडळं मेलवरच ऑर्डर पाठवतात. दिवाळी जवळ आली. बाजारातला मोबाईलवाला म्हणतो तीन हजार द्या, आणून देतो. इंटरनेटवर गुगल कस्टमर केअरचा नंबर सापडला, त्या माणसानं फोनमध्ये एक ॲप टाकायला सांगितलं, मला शंका आली म्हणून मी फोन ठेवला. मुंबईला गुगलचं ऑफिस आहे म्हणतात. आधार, पॅन घेऊन गेले तर काम होईल का? आणि नवीन जीमेल काढलं तर जुन्यावर येणारी मेल त्यावर वळवता येतील का?

उत्तर:

ताई, नमस्कार.

मुंबईचं आधी सांगतो, म्हणजे एसटीचं तिकीट वाचेल. जाऊ नका. गुगलची ऑफिसं मुंबईत आहेत, पुण्यातही आहेत, पण जीमेलची अडचण घेऊन येणाऱ्यांसाठी तिथे खिडकी नाही. गेटवरूनच परत यावं लागेल. आणि समजा आत सोडलंच, तरी आधार कार्ड दाखवून काय होणार? २०१३ साली भाच्यानं खातं उघडलं तेव्हा गुगलनं आधार मागितलं नव्हतं. नाव, जन्मतारीख विचारली, त्यानं टाकली ती खरी धरली. आज तुम्ही कार्ड पुढे केलंत तर ते कशाशी ताडून बघायचं? तुमच्या नावा-आडनावाच्या आणखीही बायका महाराष्ट्रात असतील, आणि त्यांचीही आधार कार्डं तुमच्याइतकीच खरी असतील.

बँकेचं किंवा आयकर पोर्टलचं वेगळं. तिथे तुमची ओळख पहिल्या दिवसापासून कागदाला बांधलेली असते. म्हणून पासवर्ड गेला तरी बँकेत शाखेत जाऊन आणि आयकराच्या पोर्टलवर आधारच्या ओटीपीवर काम होतं. गुगलला तुम्ही कोण आहात याच्याशी फारसं देणंघेणं नाही. इतकी वर्षं जी व्यक्ती हे खातं वापरत होती, तीच आत्ता ते उघडायला आली आहे का, एवढंच त्याला बघायचं असतं. आणि ते तो खुणांवरून ओळखतो. फोन कुठला, कॉम्प्युटर कुठला, इंटरनेट कुठलं, गाव कुठलं, आधीचा पासवर्ड काय होता. अशा खुणा तुमच्याकडे आहेत. थोड्या तुमच्या कपाटात असतील, थोड्या भाच्याकडे. त्या गोळा करायच्या, हेच खरं काम आहे.

मोबाईलवाल्याला तीन हजार देऊ नका. तो लबाड असेलच असं नाही. त्याला 'एफआरपी काढणं', म्हणजे रिसेट केलेल्या फोनचं कुलूप काढणं, येत असेल. फोन बाहेरून रिसेट केला की अँड्रॉइड पुन्हा जुनं गुगल खातं मागतो. चोरीचा फोन विकता येऊ नये म्हणून ही अट साधारण २०१५ पासून आली. दुकानदार ती आडवाटेनं काढतात. पण त्यात फोन उघडतो, खातं उघडत नाही, आणि तोवर फोनमधलं सगळं पुसलं गेलेलं असतं. बाकी खातं परत आणायला त्याच्याकडे वेगळी किल्ली नाही. तो 'पासवर्ड विसरलात?' हेच बटण दाबणार, तेही त्याच्या दुकानातून आणि त्याच्या कॉम्प्युटरवरून, म्हणजे गुगलच्या दृष्टीनं पूर्णपणे परक्या ठिकाणाहून. तुमच्या घरी बसून तुम्ही केलेला प्रयत्न त्याच्यापेक्षा वजनदार ठरेल. पैसे घेऊन पासवर्ड परत मिळवून देणाऱ्या कुणाशीही आमचा संबंध नाही, असं गुगलनं स्वतःच लिहून ठेवलं आहे.

कस्टमर केअरवाल्याचा फोन ठेवलात ते उत्तम केलंत. जीमेलमध्ये शिरता येत नाही म्हणून फोन करावा असा गुगलचा नंबरच नाही. जे नंबर सापडतात ते भामट्यांनीच पेरलेले असतात. त्यांनी सांगितलेलं ॲप टाकलं की तुमची स्क्रीन त्यांना दिसू लागते, आणि पुढचा ओटीपी बँकेचा असतो. ॲप टाकलं असेल, एखादा आकडा सांगितला असेल, तर आधी बँकेला कळवा आणि पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा. काहीच सांगितलं नसेल तर तो नंबर ब्लॉक करा आणि विषय संपवा.

आता मुख्य गोष्ट. जुना फोन कुठे आहे? पत्रात तुम्ही ते लिहिलं नाही. एक्स्चेंजमध्ये दिला नसेल, नातवंडांच्या खेळण्यात गेला नसेल, तर तो आजच शोधून काढा. स्क्रीन काळी झाली म्हणजे फोन मेला असं नव्हे. बऱ्याचदा आतलं सगळं शाबूत असतं, फक्त दिसत नाही. चार्जरला लावल्यावर थरथरला, कुठून आवाज आला, तर तो जिवंत आहे. आणि जिवंत असेल तर त्यात तुमचं जीमेल अजून उघडंच असण्याची शक्यता मोठी आहे.

मोबाईलवाल्याकडे जा, पण या कामासाठी जा. त्याला सांगा, फोल्डर बदलून द्या. डिस्प्ले आणि टच एकत्र येतो त्याला ही मंडळी फोल्डर म्हणतात. फोन जुना आहे, तेव्हा कंपनीचाच हवा असा आग्रह धरू नका. स्वस्तातला लागला तरी चालेल, आपल्याला तो चार दिवस टिकला तरी पुरे. मात्र एक अट ठणकावून सांगा: सॉफ्टवेअर मारायचं नाही, रिसेट करायचा नाही. काम होईपर्यंत दुकानात बसून राहा. 'हँग होत होता म्हणून मीच सॉफ्टवेअर मारून दिलं, त्याचे पैसे नकोत' असं नंतर ऐकायची वेळ अनेकांवर येते, आणि त्या फुकटच्या सेवेत लग्नाचे फोटो जातात.

फोन सुरू झाला की तो पॅटर्न किंवा पिन मागेल. बंद होऊन पुन्हा सुरू झालेला फोन पहिल्यांदा बोटाच्या ठशावर उघडत नाही, त्यामुळे पॅटर्न आधीच आठवून ठेवा. रोज बोटानं गिरवलेला असतो, तो डोक्याला आठवत नाही पण हाताला आठवतो. टेबलावर बोट फिरवून बघा, हसू नका.

आत शिरलात की पासवर्डच्या मागे लगेच लागू नका. जळत्या घरातून आधी माणसं आणि दागिने बाहेर काढतात, कुलपाची चौकशी नंतर. कॉन्टॅक्टचं ॲप उघडा, त्यात एक्स्पोर्ट असा पर्याय असतो. तो दाबला की सगळ्या नंबरांची एक फाईल तयार होते. ती ब्लूटूथनं नव्या फोनवर घ्या आणि तिथे उघडा. गिऱ्हाइकं परत आली. यासाठी इंटरनेटही लागत नाही. मग केबल लावून फोनमधले फोटो मुलीच्या किंवा शेजारच्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. काही फोटो फोनमध्ये नसून फक्त गुगल फोटोजमध्ये असतील, त्यांना इंटरनेट लागेल. घरचं वायफाय जोडा, ते फोटो निवडून डाउनलोड करा किंवा मुलीला पाठवा. लग्नाचे हजारभर फोटो असतील तर वेळ जाईल, जाऊ दे. हे सगळं चालू असताना 'साइन आउट' आणि 'रिमूव्ह अकाउंट' या दोन शब्दांच्या जवळपासही बोट जाऊ देऊ नका.

जीमेल उघडून वर उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर टिचकी मारा. तुमचा पूर्ण पत्ता तिथे लिहिलेला दिसेल. वहीत उतरवून घ्या. आता नव्या फोनवर तो पत्ता टाका आणि 'फरगॉट पासवर्ड' दाबा. बहुतेक वेळा जुन्या फोनवर विचारणा येते, तुम्हीच साइन इन करताय का? 'यस' दाबायचं, कधीकधी समोर दिसणारा आकडाही निवडायचा. किंवा जुन्या फोनवरच सेटिंग्जमध्ये गुगल, मग सिक्युरिटी, मग पासवर्ड असं जायचं. आधीचा पासवर्ड मागितला की तिथलंच 'विसरलात?' दाबायचं. पुष्कळदा फोनचा पॅटर्न विचारून तो नवा पासवर्ड ठेवू देतो. हे जमलं तर पुढचं निम्मं उत्तर तुम्ही वाचलं नाहीत तरी चालेल.

फोन गेलाच असेल, तर भाचा.

त्याला नुसतं 'पासवर्ड आठवतो का रे' असं विचारू नका. नाही म्हणेल, बारा वर्षांपूर्वीचं कुणाला आठवतं. त्याला चार वेगळी कामं सांगा. एक, त्या काळातला लॅपटॉप माळ्यावर असेल तर काढ आणि त्यातल्या क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये मावशीचं काही जपलं गेलं आहे का बघ. नव्या लॅपटॉपवरही बघ, कारण क्रोम खात्याबरोबर जपलेले पासवर्डही नेतो. दोन, स्वतःच्या जीमेलमध्ये गुगलकडून आलेल्या जुन्या मेलांत मावशीचं नाव शोध. घरातल्या वडीलधाऱ्यांचं खातं काढून देणारी पोरं रिकव्हरी ईमेलच्या, म्हणजे खातं अडकलं तर कोड पाठवायच्या पत्त्याच्या, रकान्यात हमखास स्वतःचा पत्ता टाकतात, आणि मग विसरतात. तुम्ही मध्ये कधी नवा फोन घेतला असेल, तर 'नव्या उपकरणावर साइन इन झालं' अशी सूचना इतकी वर्षं त्याच्याकडे जात असेल, आणि तो ती न वाचता पुसत असेल. तशी एक मेल जरी सापडली तरी पत्ताही कळला आणि कोड कुठे मागवायचा तेही कळलं. तीन, खातं काढताना नाव कसं टाकलं होतं ते आठव. चार, त्या वेळी मोबाईल नंबर कुणाचा दिला होता? तुमचाच, की मामांचा, की त्याचा स्वतःचा?

नावाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे घोळ तिथेच होतो. पत्ता विसरला असेल तर गुगलच्या पानावर 'फरगॉट ईमेल' असा पर्याय आहे. तो रिकव्हरीचा फोन किंवा ईमेल विचारतो आणि खात्यावरचं नाव विचारतो. ते नाव खात्यात जसं आहे तसं जुळावं लागतं. आता आपली नावं बघा. नुसतं नाव-आडनाव की मधे यजमानांचं नावही? सासरचं आडनाव की माहेरचं? पुढे 'सौ.' लावलंय का? आडनावाच्या स्पेलिंगात शेवटी ए आहे की नाही, डब्ल्यू की व्ही? भाच्यानं उत्साहानं पहिल्या रकान्यात 'माई मावशी' असं टाकलेलं असणंही अशक्य नाही. हे सगळे प्रकार कागदावर लिहून एकेक करून बघा.

पत्ता शोधायचा त्याहून सोपा मार्ग तुमच्या पत्रातच आहे. मंडळं मेलवर ऑर्डर पाठवतात ना? मग त्यांच्या मेलमध्ये तुमचा पत्ता पडलेला आहेच. एका मंडळाच्या खजिनदाराला फोन करा, गेल्या दिवाळीची ऑर्डर काढायला सांगा, पत्ता व्हॉट्सॲपवर मागवा. ते जमलं नाही तर बँकेत विचारा, तुमच्या खात्याला कुठला ईमेल लावला आहे. विम्याची पावती, कुरियरची पावती, मुलीच्या कॉलेजचा जुना फॉर्म, यांवरही तो सापडतो. आणि नावात टिंब होतं की नव्हतं यावर डोकं शिणवू नका. जीमेलच्या पत्त्यात टिंब असलं काय, नसलं काय, पत्ता एकच धरला जातो. आकडे मात्र बरोबर हवेत.

पत्ता मिळाला की खातं परत मागायला बसायचं. कुठे बसायचं याला महत्त्व आहे. नव्या फोनवर, एसटीत, मोबाईल डेटावर, असं नको. तुमच्या घरी, तुमच्याच वायफायवर, आणि मिळाला तर तोच जुना लॅपटॉप, तोच ब्राउझर. गुगल प्रश्न विचारेल. जितक्यांची उत्तरं देता येतील तितक्यांची द्या. उत्तर पक्कं नसेल तर अंदाज टाका, एखादा अंदाज चुकला म्हणून तो तुम्हाला कायमचं हाकलत नाही. 'आठवतो तो शेवटचा पासवर्ड' विचारला तर जुन्यातला जुना आठवला तरी टाका, जितका अलीकडचा तितका चांगला. तो शोधायच्या जागा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. उधारीची वही, पासबुकाचं शेवटचं पान, त्या वर्षीचं कालनिर्णय जिथे दुधाचा हिशेब लिहिता तिथला कोपरा. आणि बहुतेक घरांत पासवर्ड म्हणजे मुलीचं नाव आणि तिचं जन्मसाल. मधे 'ॲट' चं चिन्ह टाकलं की आपण सुरक्षित झालो असं २०१३ साली सगळ्यांनाच वाटायचं.

जो प्रश्न अगदीच जमणार नाही तिथे खाली 'ट्राय अनदर वे' असतं, ते दाबून दुसरा मार्ग मागायचा. शेवटी तो तुमच्याशी संपर्कासाठी एखादा ईमेल मागू शकतो. तिथे उघडता येणारा पत्ता द्या, मुलीचा चालेल, आणि तिला स्पॅमचा डबाही बघायला सांगा. 'हे खातं तुमचं असल्याची खात्री पटली नाही' असं उत्तर आलं तर त्याच तासाला पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका. लागोपाठ चुकलात की तो काही तास दार बंद करतो. उठा, भाजणी भाजा, तेवढ्यात आणखी एखादी खूण मिळते का बघा, मग दुसऱ्या दिवशी तिथेच बसा. लोक याच टप्प्यावर वैतागून दुकानदाराला पैसे देतात, म्हणून एवढं लिहिलं.

आता जुन्या नंबरचं. ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर कंपनी नंबर बंद करू शकते. बंद झालेला नंबर निदान ९० दिवस दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही, असा नियम आहे. ट्रायनं, म्हणजे मोबाईल कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०२३ साली सर्वोच्च न्यायालयातही तेच सांगितलं होतं. म्हणजे हाताशी थोडा काळ असू शकतो, पण शिमग्यापासून मोजलं तर तो संपतही आला असेल. उद्याच कराडला त्या कंपनीच्या स्वतःच्या स्टोअरमध्ये जा, रस्त्यावरच्या छत्रीखाली नको. इथे आधार लागेल, तेवढी हौस फिटेल. सिम तुमच्याच नावावर होतं ना, हे जाण्याआधी खात्री करून घ्या. आपल्याकडे बायकांचं सिम यजमानांच्या नाहीतर मुलाच्या नावावर असतं, आणि ज्याच्या नावावर त्यालाच जावं लागतं. नंबर पुन्हा मिळाला आणि नवं सिम हातात आलं तरी पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत नाहीत. फसवणुकीला आळा घालायला हा नियम केला आहे. 'कोड येत नाही' म्हणून त्या दिवशी घाबरू नका.

नंबर दुसऱ्या कुणाला गेला असेल तर त्या माणसाला फोन करून 'माझा ओटीपी आलाय, जरा सांगता का' असं विचारू नका. त्याच्या जागी तुम्ही असतात तर सांगितला असतात का? सांगू नये हेच तर आपण सगळ्यांना दहा वर्षं बजावतोय. उलट बाजूनं याचा विचार करा. तुमच्या खात्याला लावलेला नंबर आज परक्या माणसाच्या खिशात असेल, तर खात्यात शिरल्यावर सगळ्यात आधी तो नंबर काढून टाकायचा आहे. बँकेत तोच नंबर असेल तर जीमेलची वाट न बघता आज शाखेत जाऊन बदला. आधारला तो जोडलेला असेल तर आधार केंद्रात जाऊन नवा जोडून घ्या, तिथे बोटाचा ठसा पुरतो, कागद लागत नाहीत. खरं सांगायचं तर तुमच्या पत्रात मला जीमेलपेक्षा हीच गोष्ट जास्त खुपली.

एवढ्या खटपटीपेक्षा खातं सोडूनच द्यावं, असंही मनात येत असेल. दिवाळीचं काम अडवून धरू नका, पण विषय कायमचा बाजूलाही टाकू नका. दोन वर्षं ज्या वैयक्तिक खात्याला कुणी हात लावला नाही ते पुसायचं, असं धोरण गुगलनं २०२३ साली जाहीर केलं आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून लागू केलं. तुमचा फोन या शिमग्यापर्यंत चालू होता, तेव्हा अजून अवकाश आहे. पुढच्या शिमग्यानंतर मात्र मी निवांत बसणार नाही.

खातं परत मिळालं तर त्याच बैठकीत तीन गोष्टी उरका. रिकव्हरी फोनमध्ये तुमचा आत्ताचा नंबर, रिकव्हरी ईमेलमध्ये मुलीचा पत्ता, आणि दोन टप्प्यांची तपासणी चालू करून बॅकअप कोड छापून घ्या. ते आठ-आठ आकड्यांचे दहा कोड असतात, एक कोड एकदाच चालतो, आणि फोन-सिम काहीही हातात नसताना त्यावर आत जाता येतं. कागद कपाटात ठेवा, पासवर्डही वहीत लिहून तिथेच ठेवा. पासवर्ड कागदावर लिहू नये हा उपदेश ऑफिसात टेबलावर चिठ्ठी चिकटवणाऱ्यांसाठी आहे. तुमच्या कपाटापर्यंत पोचलेला चोर मंगळसूत्र घेईल, जीमेलच्या वहीकडे बघणारही नाही.

आणि लग्नाचे फोटो एका पेनड्राइव्हवर काढून मुलीकडे द्या. फुकट मिळणारी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबीच असते, एका लग्नात ती सहज भरते.

व्हॉट्सॲपबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. व्हॉट्सॲप नंबरावर चालतं, त्यातल्या जुन्या गप्पांचा साठा मात्र अँड्रॉइडवर गुगलच्या खात्यात जाऊन पडतो. खातं आणि जुना नंबर दोन्ही नसतील तर त्या गप्पा परत येणार नाहीत. ऑर्डरीचे हिशेब त्यातच असतील तर नेहमीच्या गिऱ्हाइकांकडून त्यांच्या बाजूचे मेसेज मागवून घ्या.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. जुन्या पत्त्यावर येणारी मेल नव्याकडे वळवता येतात, पण ती सोय जुन्या खात्याच्या आत शिरूनच चालू करावी लागते. बाहेरून होत नाही. म्हणून नवीन जीमेल आजच काढा, यावेळी स्वतःच्या हातानं, स्वतःच्या नंबरावर, आणि पत्ता त्याच वहीत लिहा. मंडळांना एकेक फोन करा: या दिवाळीची ऑर्डर नव्या पत्त्यावर पाठवा, आणि गेल्या महिन्या-दोन महिन्यांत जुन्यावर काही पाठवलं असेल तर तेही पुन्हा पाठवा. त्यांना वाटत असेल, मावशींनी ऑर्डर घेतली. तुम्हाला ती आलीच नाही हे त्यांना वसुबारसेला कळायला नको.